ओळखायचे खेळ घेतले की वर्गाचा बाजार होतो, इंग्रजी कुठे जाते?

साक्रीचा मास्तर
नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, पाचवीचा वर्ग, पट ३१. निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी अहिराणी, चार-पाच घरं भिलांची, मराठी म्हणजे शाळेची भाषा आणि इंग्रजी म्हणजे फळ्यावरची. पहिलीपासून इंग्रजी येऊन आता पंचवीस वर्षं होतील (२००० साली सुरू झाली), पण पोरगं स्वतःहून एक प्रश्न इंग्रजीत विचारेल तर शपथ.

मागच्या शिक्षण परिषदेत कुणीतरी म्हटलं की ओळखायचे खेळ घ्या, पिशवीत वस्तू ठेवा, पोरं प्रश्न विचारतील, बोलती होतील. म्हटलं करून बघू. कापडी पिशवीत टोमॅटो टाकला आणि उभा राहिलो. मला वाटलं पोरं विचारतील इज इट रेड, इज इट अ फ्रूट वगैरे. झालं काय, मी पिशवी वर धरली न धरली तोच मागच्या बाकावरून "बॉल!", मग "ॲपल!" "मँगो!" "सर कांदा!" "सर तुमना डबा!" आणि अर्ध्या मिनिटात कुणीतरी टोमॅटो म्हटलं, टाळ्या पडल्या, विषय संपला. एका तासात अकरा वस्तू ओळखून झाल्या आणि पूर्ण इंग्रजी वाक्य एकसुद्धा नाही. शेजारच्या वर्गाच्या मॅडम दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

बरं ओरडणारे कोण तर तेच सहा-सात जण. एक पोरगी आहे, लिहिण्यात सगळ्यात पुढे, तिने पूर्ण तासात तोंड उघडलं नाही. आणि ज्या एका पठ्ठ्याने प्रश्न विचारला त्याने विचारलं "इट इज बिग का सर?" हसू आलं पण मग वाटलं याला हसण्यासारखं काय आहे, बिचाऱ्याने विचारलं तरी.

तर कुणी हे खेळ खरंच वर्गात चालवलेत का? वीस प्रश्न (हो-नाहीचे प्रश्न विचारून मनातली वस्तू ओळखायची), पाठीवर चिठ्ठी, पिशवी, काहीही. चालवले असतील तर भाषा कशी काढून घेता ते सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्यात बारा पोरं आणि गालिचा असतो.

रावेरकर मॅडम
सर, शेवटच्या वाक्याला जोरात हसले. आमच्याकडेही गालिचा नाही, सतरंजी आहे.

तुमचं चुकलं एवढंच की तुम्ही ओळखण्याला बक्षीस दिलं. ज्याने नाव घेतलं तो जिंकला असा नियम असेल तर पोरगं प्रश्न कशाला विचारेल? त्याला दिसतंय की ओरडणं स्वस्त आहे. मी तिसरी-चौथी एकत्र घेते (द्विशिक्षकी शाळा, काय करणार) आणि माझ्याकडे चिंचोके चालतात. तास सुरू झाला की प्रत्येकाला तीन चिंचोके. एक प्रश्न विचारायचा तर एक चिंचोका डब्यात टाकायचा. नाव घेऊन अंदाज करायचा तर दोन टाकायचे, आणि अंदाज चुकला की त्या वस्तूपुरतं गप्प बसायचं. पहिल्या दिवशी तुमच्या त्या सहा-सात जणांसारखे आमचेही होते, पाच मिनिटांत त्यांचे चिंचोके संपले, आणि मग वर्गात अशी शांतता पसरली की मलाच कसंतरी झालं. आता चिंचोके कुणाकडे तर जे बोलत नाहीत त्यांच्याकडे. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतोय, ओरडणारे त्यांच्या कानात प्रश्न सांगतायत, "विचार ना, झाडावर लागतं का विचार". तो कानात सांगण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे खरी भाषा चालते.

दुसरं, वस्तू तुम्ही धरू नका. पिशवी पोराच्या हातात द्या आणि उत्तरं त्याला देऊ द्या. आमच्या एका मुलीच्या हातात केळ्याचं चित्र होतं. मुलांनी विचारलं "डज इट ग्रो ऑन अ ट्री?" ती म्हणाली "नो." सगळे चिडले, मी पण म्हटलं अगं असं कसं. तर ती मराठीत म्हणाली की मॅडम केळीचं झाड नसतंच, खोड म्हणजे नुसती पानांची सोपटं एकात एक, माझे पप्पा सांगतात, एकदा घड दिला की कापून टाकतात. आणि खरंच आहे की ते! रावेरच्या पोरीला मी केळी शिकवायला निघालेले. मग पुढची दहा मिनिटं "ट्री" आणि "प्लांट" यावर भांडण झालं, अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत, आणि ते दोन शब्द आता कुणी विसरणार नाही. हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असलं तरी त्या पोराला विचार करावा लागतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे अवघड वस्तू द्यायला घाबरू नका.

खडूवाला
माफ करा पण थोडं कडू बोलतो. वर्षाला अभ्यासक्रम संपत नाही, माहिती भरण्यात अर्धा वेळ जातो, निवडणूक, सर्वे, पोषण आहाराचा हिशेब. त्यात चिंचोके वाटत बसायचं? आणि या खेळाने पोराला नवीन काय येतं? ज्याला रेड माहीत आहे तोच रेड विचारणार. ज्याला माहीत नाही तो चिंचोका खिशात घालून घरी जाईल. आम्ही फळ्यावर दहा प्रश्न लिहून देतो, पाठ करून घेतो, परीक्षेत तेवढं लिहितात. कमीत कमी कागदावर दिसतं तरी.

अमळनेरचे आप्पा
खडूवाले भाऊ, रागावत नाही, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्यच आहे. मी निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली, नोकरीभर हेच ऐकलं आणि मधली काही वर्षं मीही हेच म्हणत होतो. खेळाने नवा शब्द येत नाही, बरोबर. शब्द आधी शिकवावाच लागतो. पण शिकवलेला शब्द पोराच्या तोंडात फिरायला लागतो तो कधी? जेव्हा त्याला खरंच काही माहीत करून घ्यायचं असतं तेव्हा. आपण वर्गात काय करतो, हातात पेन धरतो आणि विचारतो "व्हॉट इज धिस?" अरे बाबा तुला दिसतंय, मला दिसतंय, सगळ्यांना दिसतंय, मग विचारतोस कशाला? पोरगं उत्तर देतं ते तुमची मर्जी राखायला. पिशवीतलं मात्र त्याला दिसत नाही. तिथे प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

आणि हे काही परदेशातून आलेलं नाही. आमच्या लहानपणी रात्री खाटेवर पडलं की आजी घालायची, सुपभर लाह्या मधे रुपया, सांग काय. आम्ही आभाळाकडे बघत बसायचो आणि उत्तर आभाळातच असायचं. पण तिचं कोडं आणि तुमचा खेळ यात एक फरक आहे बरं. कोड्यात सगळी भाषा घालणाऱ्याची, ओळखणारा फक्त एक शब्द बोलतो. वीस प्रश्नांत ते उलटं होतं, वस्तू ज्याच्याकडे तो हो-नाही म्हणतो आणि बोलायचं काम ओळखणाऱ्यांवर येतं. म्हणून वर्गात दोन्ही ठेवा. एक दिवस प्रश्न विचारायचे, दुसऱ्या दिवशी पोरांनी स्वतः कोडं रचायचं, तीन वाक्यांचं, नाव न घेता. दुसरं जास्त अवघड जातं, पण लिहिण्यात हुशार असलेली साक्रीच्या सरांची ती पोरगी आहे ना, ती तिथे उघडेल. मला तरी तसंच वाटतं.

परीक्षेचं म्हणाल तर आकारिक मूल्यमापन (वर्षभर वर्गातच चालणारी पारख) २०१० पासून आहे, त्यात तोंडी काम, उपक्रम, सगळ्याला जागा आहे. आपण त्या रकान्यात अंदाजे आकडे भरतो ती गोष्ट वेगळी. मीही भरलेत.

खडूवाला
आप्पा, तुम्ही भरलेत म्हटल्यावर पुढे काय बोलणार.

धडगाव पट्टा
आश्रमशाळेवर आहे, सातपुड्यात, पोरं सगळी पावरा आणि भिल. आमची अडचण तुमच्यापेक्षा एक पायरी आधीची आहे. आमच्याकडे पहिली-दुसरीला मराठीच परकी, इंग्रजी तर लांबच. मी मूळचा शिरपूरचा, घरी अहिराणी, मला पावरी येत नव्हती, म्हणजे पहिलं वर्ष मी आणि पोरं एकमेकांकडे बघत काढलं असं समजा.

मी हे खेळ मराठीसाठी वापरतो आणि त्यात मला एक गोष्ट सापडली ती सांगतो, कारण मराठीवाल्यांच्या डोक्यात ती येत नाही, आपल्याला ती फुकटात मिळालेली असते. मराठीत वस्तूचं लिंग लपत नाही. इंग्रजीत इट म्हटलं की झालं, काहीही असू शकतं. मराठीत पोरगं म्हणालं "ती गोड असते का?" आणि दुसरं म्हणालं "नाही, तो आंबट असतो", की अर्धी वस्तू बाहेर आली. आपल्या पोरांना हे आपोआप कळतं, पण ज्याची भाषा वेगळी त्याला तो, ती, ते म्हणजे नुसती डोकेदुखी, आणि व्याकरणाचा तक्ता लावून ते जात नाही. मग मी मुद्दामच तसा खेळ लावला. फळ्यावर आठ चित्रं, पेरू, पपई, चिंच, मुळा, गाजर, मिरची, लिंबू, आंबा. एकाने मनात एक धरायचं आणि एकच वाक्य बोलायचं, "ती मला आवडते" किंवा "ते मला आवडतं". बाकीच्यांनी तेवढ्यावरून कोणती कोणती चित्रं बाद झाली ते पुसायचं. पुसायला फडकं मिळतं म्हणून भांडणं होतात, पण महिनाभराने "पपई आला" कमी झालं. गेलं नाही, कमी झालं. (उलट ज्यांना लिंग लपवायचं असेल त्यांनी "ती वस्तू" असं बोलायचा नियम करावा, मग सगळंच ती.)

दुसरं म्हणजे आठवड्यातून एक दिवस पिशवीत वस्तू पोरं आणतात आणि ओळखणारा मी एकटा. मला पावरीतून विचारावं लागतं. पहिल्या वेळी पिशवीत काहीतरी वाळलेलं, पातळ, काळपट तुकडे. मी हात घातला, चामडं म्हणालो. सगळा वर्ग लोळला. कैरीच्या वाळवलेल्या चकत्या होत्या, आमचूर करतात त्या, आमच्या धडगावचा आमचूर लांब लांब जातो, आणि मास्तर म्हणतोय चामडं. पुढच्या आठवड्यात मोहाची बी आणली, ती पण मला आली नाही. माझे उच्चार ऐकून पोरं जेवढी हसली तेवढी ती नंतर मराठी बोलताना लाजेनाशी झाली. मास्तर चुकतो आणि मरत नाही हे त्यांना दिसलं असावं. साक्रीचे सर, तुमच्या वर्गात पहिले दोन दिवस खेळ अहिराणीत घेऊन बघा, "खावानं शे का? झाडवर लागस का? घरमा ऱ्हास का?" (खायचं आहे का, झाडावर लागतं का, घरात असतं का). प्रश्न विचारायची रीत एकदा अंगात आली की मग भाषा बदला. रीत आणि भाषा दोन्ही एकदम नवीन असलं की पोरगं नाव ओरडून मोकळं होतं.

शहादा इंग्लिश
धडगाव सर, चामडं भारीच.

साक्री सर, त्या "इट इज बिग का"बद्दल लिहितो, मला वाटतं सगळं गुपित तिथेच आहे. पोरगं चुकलेलं नाही, त्याने मराठीचा का नेमका मराठीच्या जागी लावलाय. आपल्याकडे विधान तसंच ठेवून शेवटी का जोडला की प्रश्न झाला. अहिराणीत पण तेच. इंग्रजीत का नावाचं माणूसच नाही, तिथे आहे हाच उठतो आणि पुढे जाऊन बसतो. हे मी बोलून सांगत नाही, करून दाखवतो. तीन पोरं पुढे उभी, हातात कार्डं, "इट" "इज" "बिग". प्रश्न म्हटलं की इज पळत जाऊन पहिल्या नंबरला. पोरांना क्या आठवून द्यायचा, हिंदीत क्या पुढेच येतो ना, टीव्हीमुळे ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे गुजरातच्या बाजूची पोरं आहेत त्यांना शुं पण चालतो.

मग "इट ग्रोज" आणायचं. आता इथे इज नाही, पुढे कोण पळणार? कुणीच नाही. म्हणून बाहेरून एकाला बोलवायचं, तो डू. पण तो येताना ग्रोजच्या हातातलं एसचं छोटं कार्ड हिसकावून घेतो आणि डज होऊन पुढे उभा राहतो, ग्रो मागे बिनएसचा रडतो. जे पोरगं ग्रो झालं होतं ते वर्षभर "डज इट ग्रोज" म्हणणार नाही याची गॅरंटी, बाकीच्यांची अर्धी. (आमची पोरं "आय गोज" पण म्हणतात, ते अहिराणीतल्या "मी जास, तो जास"वरून येतं की काय देव जाणे, मला आपला संशय आहे.)

हे झालं की खेळात फाटक लावा. फाटक म्हणजे, ज्याच्याकडे वस्तू आहे त्याने प्रश्न इज, डज, कॅन किंवा हॅज याने सुरू झाला तरच उत्तर द्यायचं, नाहीतर हात आडवा करून गप्प उभं राहायचं. विचारणारा परत विचारतो. तुम्हाला चूक काढावी लागत नाही, फाटकवालाच काढतो.

रावेरकर मॅडम
शहादा सर, कार्डांचं उद्याच करते. पण फाटकाला माझा विरोध आहे. तिसरीचं पोरगं आधीच घाबरत बोलतं, त्यात वर्गमित्र हात आडवा करून उभा, म्हणजे झालंच. मी काय करते, पोरगं "इट इज रेड?" म्हणालं तरी उत्तर मिळतं, पण उत्तर देणाऱ्याने आधी प्रश्न नीट करून परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. "इज इट रेड? नो, इट इजन्ट." विचारणाऱ्याला आपलाच प्रश्न सरळ होऊन ऐकू येतो आणि अपमान होत नाही.

शहादा इंग्लिश
मॅडम, ऐकू येतो खरा, पण ऐकतो कोण? त्याचं लक्ष येस की नो याच्यावर. मी दोन वर्षं तुमच्यासारखंच केलं, पोरं सहा महिन्यांनी पण "इट इज रेड?" म्हणत होती, कारण काम भागत होतं ना. बोलताना सूर वर नेला की इंग्रजीत पण तो प्रश्नच कळतो, मग कशाला बदलेल? जिथे काम अडतं तिथेच पोरगं बदलतं.

धडगाव पट्टा
दोघांचं बरोबर, वय वेगळं. लहानांना फाटक नको, पाचवीला चालेल. पण पहिल्या दिवशी नको.

जळगाव गणित
मी गणिताचा, भाषेत लुडबुड करतोय, सांभाळून घ्या. वीस प्रश्नांच्या खेळात पोरांना अजून एक गोष्ट दाखवता येते. प्रत्येक हो-नाही प्रश्नाने उरलेल्या वस्तू निम्म्या करता आल्या तर पाच प्रश्नांत ३२ वस्तूंमधून एक सापडते, दहा प्रश्नांत १०२४ आणि वीस प्रश्नांत १०,४८,५७६ मधून एक. दहा लाखांच्या वर! म्हणजे साक्री सरांच्या वर्गातल्या ३१ पोरांपैकी मनात धरलेलं पोरगं पाच प्रश्नांत निघालं पाहिजे.

पण भाषेच्या दृष्टीने गंमत काय, की "इज इट अ गोट?" हा प्रश्न ३२ मधलं एकच काढतो, आणि "हॅज इट गॉट फोर लेग्ज?" हा निम्मी काढतो. चांगला प्रश्न लांब असतो, त्याला वाक्य लागतं. एकदा पोरांना हा हिशेब कळला की ती स्वतःच नाव ओरडायची थांबतात, चिंचोके नसले तरी. मी सातवीला फळ्यावर सोळा चित्रं काढून घेतो आणि चारच प्रश्न देतो, एक जास्त नाही. आधी गटात बसून प्रश्न ठरवायचे, मग विचारायचे. फक्त चित्रं अशी निवडायची की त्यांची निम्मी-निम्मी वाटणी होईल, आठ जिवंत आठ निर्जीव, त्यात परत चार घरातली चार शेतातली, असं. नाहीतर गणित बसत नाही आणि पोरं मला येऊन सांगतात.

खडूवाला
सोळा चित्रांचं बरं वाटतंय. यात निदान वस्तू गोळा करायला नकोत.

साक्रीचा मास्तर
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे पोळा येऊन गेला आणि दोन दिवस पोरं बैलांच्या मागे होती.

केलं सगळं, थोडं थोडं. पहिले दोन दिवस अहिराणीत घेतलं, धडगाव सर तुम्ही म्हणालात तसं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पोरांना प्रश्न विचारता येतात हो! फार चांगले येतात! "लगीनमा लागस का?" असा प्रश्न मला सुचला नसता (वस्तू हळद होती). मग शहादा सरांची कार्डं. एसचं कार्ड हिसकावताना फाटलं, दुसरं केलं, तेही फाटलं, शेवटी पुठ्ठ्याचं केलं. चिंचोके दुसऱ्या आठवड्यापासून. ते ओरडणारे सहा-सात जण आता व्यापारी झालेत, चिंचोका उसना मागतात आणि बदल्यात पेन्सिलीला टोक करून देतात, हे मी थांबवलेलं नाही. सोळा चित्रांचा खेळ एकदा फसला, कारण मी चित्रं काढतो ती ओळखू येत नाहीत, माझी शेळी आणि माझा कुत्रा यात पोरांना फरक दिसेना. फाटक शेवटच्या चार दिवसांत लावलं.

आता मूळ गोष्ट. शुक्रवारी एका पोराने घरून वस्तू आणली, जुन्या मोज्यात बांधून, मला पण दाखवली नाही. मी पण तीन चिंचोके घेऊन बसलो. हात लावला तर लोखंड, चपटं, अर्ध्या चंद्रासारखं, भोकं पाडलेली. पोरं विचारायला लागली, "इज इट हेवी?" नो. "इज इट इन द किचन?" नो, इट इजन्ट. "कॅन वी ईट इट?" यावर सगळे हसले, पण चिंचोका गेलाच. मी कोयंड्याचा तुकडा म्हणालो आणि बाद झालो. सगळ्यांचे चिंचोके संपत आले आणि तेव्हा ती आमची न बोलणारी उभी राहिली. तिच्याकडे तिन्ही शिल्लक. पहिल्यांदा म्हणाली, "इज इट टू?" म्हणजे जोडी असते का. येस. वर्ग गप्प. मग तिने थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाली, "डज इट वेअर अ बुल?"

फाटकवाला पोरगा माझ्याकडे बघतोय. प्रश्न डजने सुरू झालाय, फाटक उघडायला पाहिजे. पण शब्द उलटे, तिने विचारलं की ती वस्तू बैल घालते का! आणि वर्गात एकालाही शंका आली नाही की तिला काय म्हणायचंय. त्याने अर्धा सेकंद विचार केला आणि म्हणाला "येस, इट डज." मग तिने उरलेले दोन... म्हणजे दोन नव्हतेच, एकच उरला होता, तर शेजारणीने आपला एक दिला, आणि ती म्हणाली "पत्री." बैलाच्या पायाला मारतात ती. खूर दुभंगलेला असतो म्हणून एका पायाला दोन लागतात, "इज इट टू" तिथून आलं होतं. पोळ्याच्या आधी तिच्या घरच्या बैलांना मारून घेतली होती म्हणे.

मी तिथे काही दुरुस्त केलं नाही. करायला पाहिजे होतं का?

रावेरकर मॅडम
अजिबात नाही! तिने दोन आठवडे चिंचोके साठवले होते सर.

शहादा इंग्लिश
त्या क्षणी नाही. पण सोमवारी परत तीन कार्डं उभी करा, "बुल", "वेअर्ज", "इट", आणि कोण कुणाला घालतं ते पोरांनाच उभं राहून ठरवू दे. बैल कोण होणार यावर भांडण होईल तेवढं बघा.

अमळनेरचे आप्पा
तिला आता कोडं रचायला सांगा. पत्रीचंच सांगा.

खडूवाला
पत्रीला इंग्रजीत काय म्हणतात?

साक्रीचा मास्तर
ऑक्स शू. मलाही मोबाईलवर बघावं लागलं, आणि पोरांनी विचारलं की सर, मग बैल सॉक्स घालतो का. त्यावर मोजा हवेत फिरवून दाखवला, ज्यात ती आणली होती तो.